बांधकाम चालू असलेल्या घराचा पहारेकरी

नवी विंडोज बाजारात यायच्या आधी तिची चाचणीची आवृत्ती लोकांना फुकट वापरायला मिळते. कुणी तिला बीटा म्हणते, कुणी प्रिव्ह्यू. ती संगणकावर घातली की पहिल्या तासाभरात एक प्रश्न ठरलेला, "हिच्यावर कोणता अँटिव्हायरस चालेल?" वरवर पाहता हा दुकानदाराला विचारायचा प्रश्न. चार नावे ऐकायची, त्यातले एक घ्यायचे, झाले. पण वाचकहो, माझे आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले. साधासा प्रश्न दिसला तरी तो कधीपासून विचारला जातो आहे हे पाहायची खोड काही जात नाही. या प्रश्नाच्या मागे मागे गेलो तेव्हा चाळीस वर्षांचे एक भांडण हाती लागले. ते घरमालक आणि पहारेकरी यांच्यातले आहे, आणि किल्ली कुणाकडे असावी एवढाच त्याचा विषय आहे.

सुरुवातीपासून सांगतो.

नोव्हेंबर १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वतःची नक्कल दुसऱ्या आज्ञावलीत शिरवणारी एक छोटी आज्ञावली करून दाखवली. तिला 'व्हायरस' हे नाव त्याचे गुरू लेन एडलमन यांनी सुचवले. पुढे कोहेनने गणिताने असेही सिद्ध केले की जगातले सगळे विषाणू बिनचूक ओळखणारी आज्ञावली लिहिताच येणार नाही. म्हणजे विषाणूच्या बारशालाच सांगून झाले होते की याच्यावर शंभर टक्के औषध निघणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी दुकाने त्याकडे डोळेझाक करून चालली.

१९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' हा विषाणू लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तो केला, असे ते सांगत. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! फ्लॉपीच्या ज्या भागातून संगणक सुरू होतो त्या भागात तो जाऊन बसे. त्या काळी डॉस होते, आणि डॉस म्हणजे कुलूप नसलेला वाडा. जी आज्ञावली चालू होईल तिला माजघरापासून तिजोरीपर्यंत सगळीकडे फिरायची मुभा. विषाणूला जी मुभा, तीच त्याला पकडणाऱ्यालाही.

या काळाशी आपल्या पुण्याचे खरे नाते आहे. कैलास काटकर यांचा तिथे कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय होता. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणक शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणू सापडू लागले, त्यावर संजय यांनी उतारे लिहायला सुरुवात केली, आणि त्यातूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डॉससाठी 'क्विक हील' उभा राहिला. दरवर्षी ६ मार्चला जागा होऊन डिस्क पुसणारा 'मायकेलँजेलो' हा त्या काळातला नाणावलेला विषाणू. डॉसचा पाया वर्षानुवर्षे तोच होता, म्हणून पुण्यातल्या एका लहान दुकानातही असा उतारा लिहिता आला. पाया कळला की झाले.

खरी अडचण पाया बदलायला लागला तेव्हा सुरू झाली.

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ. विंडोज एक्सपीवर चालणारे बरेचसे साधे सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर मुकाट चालते. मग अँटिव्हायरसच का अडतो? कारण बाकीच्या आज्ञावल्या घरातल्या भाडेकऱ्यांसारख्या असतात. आपल्या खोलीत राहायचे, पाणी-वीज हवी तर मालकाकडे मागायची. मालक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला जाणकार कर्नल म्हणतात. भाडेकऱ्याने काही गोंधळ घातला तर त्याचीच खोली बंद पडते, घर चालू राहते. पहारेकऱ्याचे तसे नाही. कुणी कोणती फाईल उघडली हे फाईल उघडायच्या आत त्याला कळले पाहिजे, म्हणून तो थेट गाभ्यात जाऊन बसतो. तिथे त्याचा पाय घसरला तर खोली नाही, सगळे घर बसते. तो सुप्रसिद्ध निळा पडदा आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. तो बहुधा गाभ्यात काहीतरी कोसळल्याचा असतो.

एक्सपीच्या काळात बरेच अँटिव्हायरस गाभ्यातले अंतर्गत तक्ते परस्पर बदलून आपली जागा करून घेत. मायक्रोसॉफ्टने हे कुठल्या पुस्तकात लिहून दिलेले नव्हते. शोधून काढलेल्या चोरवाटाच त्या. चोरवाटेचे वैशिष्ट्य असे की ती पहारेकऱ्याला सापडते तशी चोरालाही सापडते. ऑक्टोबर २००५ मध्ये मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने उघड केले की सोनी बीएमजी कंपनीच्या काही गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की त्या गुपचूप गाभ्यात शिरतात आणि ठरावीक खुणेने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली लपवून टाकतात. हेतू काय, तर गाण्यांच्या प्रती निघू नयेत. थोड्याच दिवसांत खऱ्याखुऱ्या विषाणूंनी तीच खूण नावाला लावून त्याच पडद्यामागे दडायला सुरुवात केली. लाहोरच्या भावांचाच तो जुना किस्सा, फक्त वीस वर्षांनी आणि मोठ्या कंपनीकडून.

२००५ मध्येच मायक्रोसॉफ्टने ६४ बिटांच्या विंडोजला एक राखणदार बसवला होता. जाणकार त्याला पॅचगार्ड म्हणतात. तो अधूनमधून गाभ्याचे तक्ते तपासतो, कुणी हात लावलेला दिसला की यंत्र तत्काळ बंद करतो. हात चोराचा की पहारेकऱ्याचा, हे तो विचारत नाही. व्हिस्टाची चाचणी आवृत्ती जून २००६ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली तेव्हा अँटिव्हायरस कंपन्यांच्या लक्षात आले की जुन्या वाटा ६४ बिटांच्या व्हिस्टात बुजवलेल्या आहेत. २ ऑक्टोबर २००६ रोजी मॅकअफीने 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात देऊन मायक्रोसॉफ्टवर टीका केली. सिमँटेकनेही तक्रारीचा सूर लावला. त्यांचे म्हणणे, तुम्ही आम्हाला बाहेर ठेवून लोकांची सुरक्षितता कमी करता आहात, आणि शिवाय तुम्ही स्वतःच या धंद्यात उतरला आहात. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे, दार उघडे ठेवले तर चोरही तिथूनच येणार. युरोपीय आयोगाने लक्ष घातल्यावर त्याच महिन्यात तडजोड झाली. चोरवाटा बंदच राहतील, पण पहारेकऱ्यांसाठी अधिकृत दारे करून दिली जातील.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच हे भांडण मिटले नाही. आपल्याकडे शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांच्यात वाटलेला असे, सगळा गड एकाच्या हाती देत नसत. मुद्दा कुणाच्या प्रामाणिकपणाचा नव्हता. एकट्याच्या हाती किल्ल्या असल्या की त्याची फितुरी तर भोवतेच, पण त्याची साधी चूकही सगळ्या गडाला भोवते.

आता चाचणी आवृत्तीकडे येतो. बीटा म्हणजे बांधकाम चालू असलेले घर. भिंती आज इथे, पुढच्या महिन्यात तिथे. पहारेकऱ्यासाठी केलेले अधिकृत दारसुद्धा अजून सरकते आहे. मग अशा घरी 'सुसंगत' पहारेकरी म्हणजे काय? माझ्या मते याचा अर्थ एवढाच, की गवंडी आणि पहारेकरी यांच्यात सध्या बोलणे चालू आहे.

याचे चांगले उदाहरण म्हणजे विंडोज ७. तिची बीटा जानेवारी २००९ मध्ये खुली झाली. आधी २५ लाख प्रतींची मर्यादा होती. लोकांची इतकी झुंबड उडाली की ती उठवावी लागली. संगणकात अँटिव्हायरस नाही असे दिसले की त्या बीटातूनच मायक्रोसॉफ्टचे एक पान उघडता येई आणि त्यावर तीन नावे असत : एव्हीजी, कॅस्परस्की आणि नॉर्टन. बस्स. बाजारात तेव्हा डझनभर तरी नावे होती. बाकीचे वाईट होते असे नाही. या तिघांनी त्या बीटाशी जुळणारी आवृत्ती तयार केली होती, इतकेच.

त्याच महिन्यात माझा एक माजी विद्यार्थी त्या बीटाची डीव्हीडी घेऊन घरी आला होता. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून १९६७ च्या कोयना भूकंपाच्या आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मी कॅसेटवर टिपून ठेवल्या होत्या. त्यानेच त्या एमपी३ फायलींत उतरवून दिल्या होत्या. "सर, नवीन विंडोज टाकू या का? अँटिव्हायरसचं बघतो मी," तो म्हणाला. मी म्हटले, "टाक की, पण त्या फायलींची डिस्क आधी काढून कपाटात ठेव." तो हसला. "अहो सर, व्हायरस येणार नाही, नॉर्टन घालतोय ना!" मी म्हटले, "अरे, व्हायरसची भीती नाही मला. घर नवीन आहे ना, त्याची भीती."

त्याने डिस्क काढली, मग बाकीचे केले. बीटा छान चालली, नॉर्टनही चालला. पण त्या बीटाबद्दल मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक सूचना आणि दुरुस्ती दिली होती, ती त्याने दोन दिवसांनी मला वाचून दाखवली. काही एमपी३ फायलींच्या सुरुवातीचे काही सेकंद ही विंडोज कायमचे कापू शकते, असे त्यात होते. ज्या फायलींना जोडलेली माहिती मोठी असेल त्यांना हा धोका होता. आमच्या प्रत्येक ध्वनिफितीच्या पहिल्या काही सेकंदांत बोलणारा आपले नाव, गाव आणि वय सांगतो. ते गेले असते तर मागे फक्त आवाज उरले असते, कुणाचे ते कळले नसते. त्या माणसांपैकी पुष्कळजण तेव्हाच हयात नव्हते.

इथे अँटिव्हायरसचा काही दोषच नाही, आणि हीच गोष्ट मला सांगायची आहे. चोर आला तर पहारेकरी त्याला अडवेल. गवंड्याच्या हातून भिंत पडली तर तो काय करणार? उत्तम, सुसंगत, यादीतला अँटिव्हायरस घातला म्हणजे चाचणी आवृत्ती सुरक्षित झाली, हा समज पुसला पाहिजे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००९ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने स्वतःचा फुकट अँटिव्हायरस दिला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तर डिफेंडर या नावाने तो घरातच बांधून टाकला. तेव्हापासून चाचणी आवृत्तीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले, कारण घर बांधणाऱ्याचाच पहारेकरी प्रत्येक नव्या बांधकामाबरोबर येऊ लागला. पण सोपे उत्तर सगळ्यांना परवडणारे नसते. २०१६ मध्ये कॅस्परस्कीने रशियात आणि नंतर युरोपात तक्रार केली. नव्या विंडोजची अंतिम प्रत आम्हाला इतकी उशिरा मिळते की जुळवून घ्यायला वेळच उरत नाही, आणि मग आमचा अँटिव्हायरस 'विसंगत' ठरवून बंद केला जातो, असा त्यांचा आरोप होता. जून २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की विंडोज १० च्या त्या वर्षीच्या मोठ्या सुधारणेच्या वेळी सुमारे ९५ टक्के संगणकांवरचे अँटिव्हायरस सुसंगत होते, उरलेल्यांचे काही भाग तात्पुरते बंद करावे लागले. ऑगस्टमध्ये समेट झाला. प्रती वेळेवर देण्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले, कॅस्परस्कीने तक्रारी मागे घेतल्या. म्हणजे भांडण शेवटी होते ते चाचणी आवृत्ती किती दिवस आधी हातात पडते याचे!

जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन या दोषावर विंडोजची दुरुस्ती आली, तर काही अँटिव्हायरस अजूनही गाभ्याच्या स्मृतीत नको तिथे हात घालत असल्याचे दिसले. अशा संगणकांवर ती दुरुस्ती घातली की निळा पडदा येई. म्हणून आपण सुसंगत आहोत अशी खूण अँटिव्हायरसने संगणकात उमटवल्याशिवाय दुरुस्ती द्यायचीच नाही, असे काही काळ ठरले. खूण नाही तर दुरुस्ती नाही. पहारेकऱ्यामुळे कुलूप बदलता येईना, अशी ती गत होती.

आणि मग १९ जुलै २०२४ उजाडला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी माहितीची फाईल पाठवली गेली. गाभ्यात बसलेल्या त्या आज्ञावलीला २० रकाने मिळत होते, फाईलने २१ व्याची अपेक्षा केली. तेवढ्यावर जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली, पण तोवर व्हायचे ते झाले होते. परदेशात रुग्णालये आणि बँका अडल्या, विमाने जमिनीवर राहिली. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विषाणू नव्हता, हल्ला नव्हता. पहारेकऱ्याचा पाय घसरला होता.

त्या वेळी मायक्रोसॉफ्टने २००९ च्या युरोपीय आयोगाबरोबरच्या कराराकडे बोट दाखवले. स्वतःच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला जी दारे, तीच इतरांनाही द्यायचे त्यात ठरले होते. ॲपलने २०१९ च्या मॅक ओएस कॅटलिनापासून पहारेकऱ्यांना गाभ्याबाहेर जागा करून द्यायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्ट त्या वाटेला उशिरा लागली. जून २०२५ मध्ये तिने जाहीर केले की अँटिव्हायरस गाभ्याबाहेर चालवता येईल अशी सोय निवडक कंपन्यांना चाचणीसाठी जुलैपासून दिली जाईल. चक्र पाहा कसे फिरले! आधी चाचणीच्या विंडोजसाठी अँटिव्हायरस शोधत होतो, आता अँटिव्हायरसच्या बसण्याच्या जागेचीच चाचणी आवृत्ती निघाली.

त्या २००९ च्या तीन नावांचे काय झाले, तेही सांगायला हवे. एव्हीजी २०१६ मध्ये अवास्टने घेतली आणि २०२२ मध्ये अवास्ट आणि नॉर्टन एक झाले. म्हणजे तीनपैकी दोन आज एकाच छपराखाली आहेत. तिसऱ्या, कॅस्परस्कीच्या विक्रीवर २०२४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन बंदी घातली. पंधरा वर्षांत नावांची ही स्थिती. म्हणून मला कुणी "नाव सांगा" म्हटले की मी नाव सांगत नाही, चार प्रश्न सांगतो.

पहिला, ही चाचणी आवृत्ती ज्या यंत्रावर घालता आहात तिथे असे काही आहे का, जे पुन्हा मिळणार नाही? असेल तर त्याची प्रत दुसरीकडे ठेवा आणि ते साधन यंत्रापासून अलग करा. दुसरा, घरातच बांधलेला पहारेकरी पुरत नाही असे वाटायचे नेमके कारण काय? कारण सांगता येत नसेल तर चाचणीच्या काळात तोच राहू द्यावा, बांधकामाबरोबर सरकणारा तो एकटाच. तिसरा, दुसरा अँटिव्हायरस हवाच असेल तर त्याच्या कंपनीने याच चाचणी आवृत्तीचे नाव घेऊन तो चालतो असे म्हटले आहे का? मागच्या विंडोजवर मिळालेली शाबासकी इथे कामाची नाही. आणि चौथा, तो काढायचा झाला तर कसा काढायचा, हे घालण्याआधी माहीत आहे का? यंत्र सुरूच होत नसताना हे शोधणे फार जड जाते.

शिवाय एकाच यंत्रावर दोन पहारेकरी ठेवू नयेत. फाईलवर नजर ठेवणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला मायक्रोसॉफ्ट एक 'उंची' ठरवून देते, अँटिव्हायरसची उंची ३,२०,००० ते ३,२९,९९८ या पट्ट्यात असते. एकाच मजल्यावर दोघे उभे राहिले की एक फाईल उघडून बघतो, तर दुसऱ्याला ती हालचाल संशयास्पद वाटते. मग दोघे एकमेकांवरच पहारा करत बसतात आणि यंत्र रडकुंडीला येते.

लोक मला म्हणतात, मास्तर, तुम्ही साध्या गोष्टीचा फार इतिहास करता. असेल. पण कोहेनने पहिल्याच वर्षांत सांगितले होते की पुरता बंदोबस्त कधीच होणार नाही, आणि २०२४ ने दाखवले की बंदोबस्त स्वतःच कोसळू शकतो. या दोन टोकांच्या मध्ये आपण आपली कागदपत्रे, नातवंडांचे फोटो, गेलेल्या माणसांचे आवाज ठेवून बसलो आहोत. पहारेकरी कुणीही ठेवा, त्याच्याशी भांडण नाही. पण घराचे बांधकाम चालू आहे तोवर दागिने तिथे नेऊ नयेत, एवढे आपल्या आज्यांनाही कळत होते.

असो.